दवाखान्यातला ऑनलाइन नंबर : जून ते सप्टेंबर २०२५ च्या नोंदी

५ जून, गुरुवार

आधी पार्श्वभूमी थोडक्यात. वहिनी बालरोगतज्ज्ञ आहेत, सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी त्यांचा दवाखाना आहे. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवतो. यंदा पाऊस मे महिन्यातच आला आणि ताप, सर्दी, जुलाबाची पोरं जूनच्या आधीच यायला लागली. काल सकाळी मी डबा द्यायला गेलो तर बाहेरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, जिन्यावर बायका पोरं मांडीवर घेऊन बसलेल्या, आणि त्यातच दोन महिन्यांचं एक बाळ लसीसाठी आलेलं, त्याच्या शेजारी अंगावर फोड आलेला एक मुलगा. कांजिण्या होत्या त्या. वहिनींनी आत बोलावल्यावर कळलं, तोपर्यंत दीड तास ते दोघं शेजारी शेजारीच बसले होते. मोठ्यांच्या दवाखान्यात वाट बघायला लागली तर वेळ जातो, पोरांच्या दवाखान्यात आजार पण वाटला जातो. म्हणून घरूनच ऑनलाइन नंबर घेता यावा, हे काम हातात घेतलं. दुसऱ्या कुणाला करायचं असेल तर उपयोग होईल म्हणून चुका आणि खर्चासकट लिहून ठेवतोय.

दोन कंपन्यांचे डेमो बघितले. एकाचं महिना पंधराशे, आणि पेशंटने ॲप डाऊनलोड करायचं. तिथेच नाही म्हटलं. आमच्याकडे येणाऱ्या आईच्या हातात फोन असला तर तो बऱ्याचदा नवऱ्याचा असतो, त्याची मेमरी भरलेली असते, आणि पोराला १०२ ताप असताना कुणी ॲप उतरवून ओटीपी टाकत बसणार नाही.

७ ते १२ जून

काहीच बनवलं नाही, फक्त वही ठेवली. काउंटरला आमचे कंपाउंडर काका आहेत, बावीस वर्षं इथेच. त्यांना म्हटलं, काका, प्रत्येकाची तीन वेळा लिहा: आला कधी, आत गेला कधी, बाहेर आला कधी. पहिल्या दिवशी गर्दीत निम्म्या नोंदी राहिल्या म्हणून दुसऱ्या दिवसापासून मीच बसलो (शाळा १६ ला उघडणार होती म्हणून जमलं). सकाळच्या ओपीडीच्या पाच दिवसांच्या नोंदी धड मिळाल्या.

रोज साधारण ४८ पेशंट, आत सरासरी पाच मिनिटं, आणि बाहेर सरासरी १ तास ५० मिनिटं.

१४ जून, शनिवार

वही घेऊन रात्री वहिनींसमोर बसलो. दोन गोष्टी दिसत होत्या आणि त्यातली एक बोलणं अवघड होतं.

पहिली, ४८ पैकी २६-२७ लोक नऊच्या आधीच येतात. का, तर नंबर मिळायचा असेल तर प्रत्यक्ष यायला लागतं, आणि दुसरं म्हणजे वाड्यांवरून येणारी एसटी पावणेनऊला येते, पुढची अकराला. म्हणजे अर्धी गर्दी आमच्या घड्याळावर चालतच नाही, एसटीच्या घड्याळावर चालते.

दुसरी, बोर्डावर ओपीडी ९.३० लिहिलीय, आणि पाच दिवसांत वहिनी खुर्चीवर बसल्या त्या वेळा अशा: ९.३०, १०.०५, १०.२०, ९.५०, १०.१०. त्यांची चूक नाही, सकाळी दुसऱ्या हॉस्पिटलला नवजात बाळांचा राउंड असतो, तिथे एखादं बाळ बिघडलं तर अर्ध्यात सोडून येता येत नाही. पण ४८ लोकांच्या वाट बघण्यात तो अर्धा तास धरलेलाच होता. वहिनी गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "भाऊजी, म्हणजे सॉफ्टवेअर माझ्यासाठीच पाहिजे." मी म्हटलं नाही, बोर्ड बदलूया. सोमवारपासून ओपीडी १० वाजता, आणि राउंड लांबला तर तिथली सिस्टर काकांना फोन करून सांगणार किती वेळ लागेल. खर्च शून्य. या सगळ्या उद्योगात सगळ्यात जास्त फायदा ज्या बदलाने झाला तो हाच, आणि तो करायला इंटरनेट लागलं नाही. कुणी हे काम करणार असेल तर आधी आठवडाभर वही ठेवाच.

लसीकरण पण वेगळं काढलं: बुधवार आणि शनिवार दुपारी ४ ते ५, तेव्हा आजारी पोरं हॉलमध्ये नकोत. दीड महिन्याच्या, अडीच महिन्याच्या, साडेतीन महिन्याच्या डोसला जी बाळं येतात ती धडधाकट असतात, त्यांना तापाच्या गर्दीत बसवायचं कारणच नाही.

१८ जून, बुधवार

पहिला प्रयत्न, गुगल फॉर्म. नाव, गाव, मोबाइल. ओळखीच्या पाच जणांना भरायला लावलं. भरला जातो, शीटमध्ये ओळ येते, पण भरणाऱ्याला त्याचा नंबर किती हे फॉर्म सांगत नाही, "तुमचा प्रतिसाद नोंदवला आहे" एवढंच. मग पाचही जणांनी काकांना फोन करून विचारलं माझा कितवा. म्हणजे काम वाढलंच. शिवाय शीटने एकाच्या मोबाइल नंबरापुढचं शून्य खाल्लं आणि मी मोठ्या हुशारीने "६-२" असा टोकन ठेवला होता (तारीख आणि सेशन) त्याची तारीख करून टाकली. कॉलम आधी प्लेन टेक्स्ट करून ठेवा.

फॉर्म सोडला. ॲप्स स्क्रिप्टमध्ये (गुगल शीटला जोडून छोटे प्रोग्राम लिहायची गुगलची सोय) छोटं वेबपेज बनवलं, नाव आणि मोबाइल टाकला की नंबर समोर मोठ्या अक्षरात. तीन रात्री गेल्या.

२३ जून, सोमवार

सुरू केलं. काउंटरवर क्यूआर चिकटवला, व्हॉट्सॲप स्टेटसला लिंक, मेडिकलवाल्याकडे एक फ्लेक्स.

दोन गोष्टी पहिल्याच सकाळी फुटल्या.

एक, नंबर १४ दोघांना मिळाला. दोघांनी एकाच सेकंदाला बटण दाबलं, दोघांसाठी स्क्रिप्टने शेवटची ओळ १३ वाचली आणि दोघांना १४ दिला. लॉकसर्व्हिस वापरायला पाहिजे होती, म्हणजे एकाचं लिहून होईपर्यंत दुसरा थांबतो. मला माहीत होतं, पण एवढे लोक एकदम कुठे येणार असं वाटलं. सातला बुकिंग उघडतं म्हटल्यावर सगळे सातलाच येतात. चार ओळींचं काम होतं.

दुसरी जास्त वाईट. बरोबर साडेनऊला नंबर परत १ पासून सुरू झाले. सकाळी सातपासून ज्यांनी घेतले ते १ ते २२ होते, आणि साडेनऊनंतर आलेल्यांना पण १, २, ३. हॉलमध्ये दोन दोन लोक "माझा तिसरा" म्हणून उभे. मी शाळेत, फोन सायलेंटवर, काकांनी अकरा मिस्ड कॉल दिले. शेवटी त्यांनी जुन्या पद्धतीने वही काढून निभावलं. रात्री शोधलं तेव्हा कळलं, स्क्रिप्ट मी माझ्याच एका जुन्या प्रोजेक्टमधून उचलली होती आणि तिच्या सेटिंगमध्ये टाइमझोन न्यूयॉर्कचा राहिला होता. तिथे रात्रीचे बारा वाजतात तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळचे साडेनऊ असतात. म्हणजे माझ्या स्क्रिप्टसाठी दिवस तेव्हा बदलत होता. शीटचा टाइमझोन वेगळा असतो आणि स्क्रिप्टचा वेगळा, दोन्हीकडे कोलकाता करून घ्या.

२४ जून

सातला बुकिंग उघडायला टायमर लावला होता, उघडलं ७.४० ला. हे टायमर ठरलेल्या तासात कधीतरी चालतात, ठोक्याला नाही. टायमर काढून टाकला, आता पेज उघडलं की स्क्रिप्ट स्वतःच घड्याळ बघते, सात वाजलेत का नाही.

२७ जून, शुक्रवार

आज जे झालं ते तांत्रिक नाही पण त्याने झोप उडाली.

एक आजी नातवाला घेऊन पावणेनऊच्या एसटीने आल्या. फोन नाही. काकांनी त्यांना काउंटरचा नंबर दिला, पण ऑनलाइनवाले २८ आधीच झालेले म्हणून त्यांचा २९. आजी नऊला बसल्या, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत मोटरसायकलवरून लोक साडेदहाला, अकराला येत होते आणि पाच मिनिटांत आत जात होते. बारा वाजता त्या उठून काकांना म्हणाल्या, "आमी फाटंपासनं निघालो, आन् ह्ये आत्ता आलं नि ग्येलं बी. आमचं प्वार काय आजारी न्हाई व्हय?" काकांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे पण नाही. बरं, त्यांची परतीची एसटी साडेबाराची, ती चुकली असती तर मग चारची. वहिनींनी त्यांना मधे घेतलं. पण रोज कुणाकुणाला मधे घेणार.

सरासरी काढली तर या आठवड्यात वाट बघणं कमीच झालेलं दिसतं. पण ती सरासरी म्हणजे ज्यांच्याकडे फोन आहे त्यांची दोन तासांवरून वीस मिनिटांवर आली आणि ज्यांच्याकडे नाही त्यांची दोनाची अडीच झाली, ह्या दोघांची मिळून. ज्यांची हजेरी बुडते त्यांच्याच डोक्यावर मी अजून अर्धा तास टाकला होता.

रविवारी काका, वहिनी आणि मी बसून ठरवलं ते असं:

नंबरांची मालिका एकच, पण सातला उघडल्यावर ऑनलाइनला फक्त विषम नंबर. सम नंबर सगळे काउंटरसाठी. पावणेनऊच्या एसटीने येणाऱ्याला २, ४, ६ मिळतात. दहा वाजता जे सम नंबर उरलेत ते ऑनलाइनला मोकळे.

ही सम-विषमची कल्पना काकांची. मी दोन दिवस कोटा, टक्केवारी, वेगवेगळ्या रांगा कागदावर मांडत होतो, काका म्हणाले, "मास्तर, एक त्यांचा एक ह्यांचा, भांडणच नाही." कोडमध्ये सहा ओळी बदलल्या.

१ जुलै, मंगळवार

नवीन भानगड. स्टँडजवळच्या एका मोबाइल दुकानात सकाळी सातला आठ-दहा नंबर काढून ठेवतात आणि वीस-वीस रुपयांना देतात. काकांना एका पेशंटनेच सांगितलं. भांडायला गेलो नाही, नियम बदलले. एका मोबाइलवर दिवसाला जास्तीत जास्त दोन नंबर (भावंडं एकदम आजारी पडतात म्हणून दोन). आणि पोराचं नाव टाकायलाच लागतं, नंतर बदलता येत नाही. चार दिवसांत बंद झालं.

आणि आले नाहीत त्यांचं काय, हा प्रश्न होताच. रोज सहा-सात जण नंबर घेतात आणि येत नाहीत, ताप उतरला की कशाला येतील. आधी काका नाव पुकारून दोन मिनिटं थांबायचे, सात वेळा दोन मिनिटं म्हणजे तीन पेशंट गेले. आता आल्यावर काउंटरला "आलो" सांगायचं, काका टिक करतात, टिक असलेल्यालाच बोलावणं. उशिरा आला तर नंबर रद्द नाही, आल्यावर तीन पेशंट सोडून आत. रद्द करायचं म्हणणारे सल्ले बरेच मिळाले, पण रस्त्यात पंक्चर झालेल्या माणसाला परत शेवटी बसवणं मला पटत नाही.

७ जुलै, सोमवार

पेजवर मी अंदाजे वेळ दाखवत होतो, "तुमची वेळ ११.४२". हे काढून टाकलं. लोक ११.४२ म्हणजे ११.४२ धरतात. एखाद्या बाळाला झटके आले, सलाइन लावायला लागलं की पंचवीस मिनिटं तिथे जातात, आणि मग ११.४२ वाला १२.१० ला काकांच्या अंगावर. उलट पण झालं, पाच जण आलेच नाहीत तर ११.४२ वाल्याचा नंबर ११.१५ लाच येऊन गेला.

आता पेजवर दोनच गोष्टी: आत्ता कितवा चालू आहे, आणि तुमच्या आधी किती जण. खाली एक ओळ, गावात राहत असाल तर ५ राहिले की निघा, बाहेरगावाहून असाल तर १२ राहिले की निघा. तक्रारी जवळजवळ थांबल्या. लोकांना हिशोब येतो, आकडा खरा पाहिजे.

ह्याच आठवड्यात पेज मधेच उघडायचं बंद व्हायचं. पन्नास फोन दर दहा सेकंदांनी रिफ्रेश होत होते आणि एका अकाउंटवर एका वेळी तीसच स्क्रिप्ट चालतात. रिफ्रेश ३० सेकंदांवर नेला आणि चालू नंबर कॅशसर्व्हिसमध्ये (स्क्रिप्टच्या तात्पुरत्या साठवणीत) ठेवला म्हणजे प्रत्येक वेळी शीट उघडावी लागत नाही.

एकाने विचारलं सरकारी सिस्टीम का नाही वापरत. आभाचं (सरकारी आरोग्य खात्याचा नंबर) स्कॅन अँड शेअर दिल्लीत ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं आणि आता बऱ्याच सरकारी दवाखान्यांत आहे, क्यूआर स्कॅन केला की नाव-वय-पत्ता थेट काउंटरला जातो आणि टोकन मिळतं. चांगलं आहे, पण ते केसपेपरच्या खिडकीची रांग कमी करतं. आमच्याकडे केसपेपरला एक मिनिट पण लागत नाही, रांग डॉक्टरच्या दारात आहे.

११ जुलै, शुक्रवार

हे नीट लिहिणार आहे, कारण ऑनलाइन नंबर लावणाऱ्या प्रत्येकाने हे आधी वाचायला पाहिजे, मी कुठे वाचलं नव्हतं.

सात महिन्यांचं बाळ. आईने सकाळी ७.१० ला नंबर घेतला, ४१ मिळाला. पेजवर लिहिलंय १२ राहिले की निघा, म्हणून ती घरी थांबली, अगदी सांगितल्यासारखी. साडेबाराला आली. काकांनी बाळाकडे बघितलं आणि रांग सोडून थेट आत नेलं, कारण छाती उडत होती, ओठ सुकलेले, मान टाकलेली. ऑक्सिजन लावून लगेच ॲम्ब्युलन्सने मोठ्या हॉस्पिटलला. न्यूमोनिया. तिसऱ्या दिवशी बाळ बरं होत असल्याचा फोन आला तेव्हा घरात सगळ्यांनी श्वास सोडला. आईने सांगितलं की पहाटेपासूनच पीत नव्हतं.

आधीच्या पद्धतीत काय झालं असतं? ती नऊला आली असती, हॉलमध्ये बसली असती, आणि काकांची नजर पडली असती. बावीस वर्षं काका हेच करतात, हॉलमधून फिरतात, पोरं बघतात, आणि एखादं नुसतं पडून राहिलेलं दिसलं की कुणाला न विचारता आत नेतात. त्याला कुणी ट्रायेज (कोण जास्त गंभीर ते बघून आधी कुणाला घ्यायचं हे ठरवणं) म्हणत नाही, वहीत त्याची नोंद नाही, माझ्या तीन वेळांच्या रकान्यात ते दिसलंच नाही. मी हॉल रिकामा केला आणि त्याबरोबर काकांची नजर पण काढून घेतली. गर्दीचा तेवढा एक उपयोग होता.

रात्रीच वहिनींनी सांगितलं तसं पेज बदललं. आता लिंक उघडली की नंबराच्या आधी लाल पट्टी येते:

पीत नाही किंवा खात नाही. प्यायलेलं सगळं उलटतंय. झटके आले. सुस्त आहे, उठवलं तरी उठत नाही. धाप लागली, छाती उडतेय. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आहे. यातलं एक जरी असेल तर नंबर घेऊ नका, लगेच या. दवाखाना बंद असेल तर १०८ ला फोन करा.

यातली पहिली चार म्हणजे लहान मुलांमधली धोक्याची लक्षणं म्हणून आशाताईंना आणि सिस्टरांना शिकवतात तीच, बाकीची दोन वहिनींनी घातली. खाली दोन बटणं, "यातलं काही नाही, नंबर द्या" आणि "यातलं आहे". दुसरं दाबलं की नंबर नाही, काउंटरला फोन लागतो.

एक भीती होती की लवकर जायला मिळतं म्हणून सगळेच लाल बटण दाबतील. दोन आठवडे मोजलं. रोज तीन-चार जण दाबतात, त्यातला एखादा उगाच. काका आल्या आल्या बघतात, गंभीर नसेल तर समजावून नंबर देतात. एवढं चालेल.

आणि अजून एक, ज्यांनी नंबर घेतलाय पण आलेले नाहीत त्यातल्या एक वर्षाच्या आतल्या बाळांच्या घरी आमच्या दवाखान्यातल्या सिस्टर अकराच्या सुमारास फोन करतात, बाळ पितंय ना. नऊ-दहा फोन असतात. पंधरा मिनिटं जातात. हे काम कुठलंही सॉफ्टवेअर करणार नाही. त्यासाठी फॉर्ममध्ये वयाचा रकाना वाढवला. एवढंच, आजाराची माहिती विचारत नाही, आणि रात्री शीटमधली नावं-मोबाइल स्क्रिप्ट पुसून टाकते. पोरांची माहिती आहे, साठवायची गरज नाही.

१८ जुलै, शुक्रवार

हॉलमध्ये घरचा जुना ३२ इंची टीव्ही लावला, जुना लॅपटॉप, १५ मीटरची एचडीएमआय केबल ६५० रुपये. चालू नंबर मोठा, पुढचे तीन बारीक. पूर्ण नाव दाखवत नाही, नंबर आणि पोराचं पहिलं नाव.

आवाजाने दोन दिवस खाल्ले. ब्राउझरला मराठी बोलायला लावलं तर त्या लॅपटॉपवर मराठी आवाजच नव्हता, त्याने हिंदी पकडला. देवनागरी वाचतो पण १७ ला "सत्रह", ३९ ला "उनतालीस". हॉलमधल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सिस्टरांचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड केला, "नंबर एक" ते "नंबर पंच्याहत्तर", पाऊण तास लागला, प्रत्येकाची वेगळी फाइल कापायला दोन रात्री.

मग कळलं की पंखे चालू असताना "सात", "आठ" आणि "साठ" सारखंच ऐकू येतं. साठ नंबरवाले सातलाच उठले. आता आधी घंटी, मग नंबर, मग काका स्वतः दारातून पोराच्या नावाने हाक मारतात. काकांची हाक ठेवा, टीव्हीच्या भरवशावर राहू नका, टीव्हीकडे पाठ करून बसणारे असतातच आणि पोराला पाजत असलेली आई वर बघत नाही.

२८ जुलै, सोमवार

काउंटरला चिठ्ठी द्यायला छोटा थर्मल प्रिंटर घेतला, २,४०० रुपये. देवनागरी छापत नाही, नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं. स्वस्त प्रिंटरांमध्ये मराठी फॉन्टच नसतो. पूर्ण चिठ्ठीचं चित्र करून पाठवलं की छापतो, तीन-चार सेकंद लागतात पण स्वच्छ येतं. नंबर एवढा मोठा ठेवलाय की चष्मा नसलेल्या आजोबांना पण दिसावा.

लाइट जायची तेव्हा राउटर बंद आणि सगळंच ठप्प. राउटरला छोटा यूपीएस, १,३५० रुपये, तीन तास निघतात. तरी काकांची वही काउंटरवर उघडीच असते, दर पाच नंबरांनी ते त्यात उतरवतात. महिन्यात तीनदा वहीवर जायला लागलं, कुणाला कळलं पण नाही.

४ ऑगस्ट, सोमवार

साध्या फोनवाल्यांसाठी मिस्ड कॉल. एसएमएस गेटवेचं बघितलं तर त्याला ट्रायच्या (टेलिकॉम नियामक) नियमाप्रमाणे डीएलटी नोंदणी (एसएमएस पाठवणाऱ्यांची) लागते, दवाखान्याची वेगळी, हेडरची (पाठवणाऱ्याच्या नावाची) वेगळी, प्रत्येक मेसेजचा मजकूर आधी मंजूर करून घ्यायचा. एका दवाखान्यासाठी जड आहे. त्याऐवजी जुना अँड्रॉइड फोन, त्यात मॅक्रोड्रॉइड (फोनची कामं आपोआप करून घेणारं ॲप) टाकलं. मिस्ड कॉल आला की ते स्क्रिप्टच्या लिंकला तो मोबाइल नंबर पाठवतं, शीटमध्ये नंबर लागतो आणि तोच फोन उलट एक एसएमएस टाकतो: तुमचा नंबर इतका. सिमच्या पॅकमध्ये दिवसाला १०० एसएमएस असतात, आम्हाला दहा-बारा लागतात.

पहिल्या दिवशी छान चाललं, दुसऱ्या दिवशी सकाळी सात ते आठ एकही नोंद नाही. फोनने रात्री बॅटरी वाचवायला ॲप झोपवलं होतं. बॅटरी सेटिंगमध्ये त्या ॲपला अनरिस्ट्रिक्टेड करा, आणि फोन कायम चार्जिंगवर ठेवला तर बॅटरी फुगते (आमची फुगली, ८०० रुपये), म्हणून आता मावशी सकाळी चार्जर लावतात आणि दुपारी काढतात.

मिस्ड कॉलवाल्यांना लाल पट्टी दिसत नाही हे लक्षात आल्यावर एक दिवस हे बंदच ठेवलं. नंतर एसएमएसमध्येच घातलं, "बाळ पीत नसेल, धाप असेल, झटके आले, सुस्त असेल तर लगेच या." मराठीत लिहिलं की एका एसएमएसमध्ये ७० अक्षरंच बसतात, म्हणून तो दोन-तीन एसएमएसचा होतो. होऊ दे. मिस्ड कॉलवर वय कळत नाही, म्हणून सिस्टर त्या सगळ्यांनाच फोन करतात.

१९ ऑगस्ट, मंगळवार

परत पाच दिवस वही ठेवली, तेच तीन रकाने. पेशंट रोज ५२ च्या आसपास, म्हणजे जूनपेक्षा जास्तच. दवाखान्यात आल्यापासून आत जाईपर्यंत सरासरी ४४ मिनिटं. पण ह्यावेळी दोन गट वेगळे मोजले: ऑनलाइन आणि मिस्ड कॉलवाले २६ मिनिटं, थेट काउंटरला येणारे १ तास ५ मिनिटं. आधीच्या १ तास ५० पेक्षा कमी आहे, तरी मला टोचतं. त्यातला मोठा भाग एसटीचा आहे, पावणेनऊला उतरणारा माणूस दहाला सुरू होणाऱ्या दवाखान्यात सव्वा तास बसणारच. वहिनी म्हणतात मंगळवार-शुक्रवारी राउंड नंतर करून नऊला बसून बघते, त्या दोन दिवशी पहिले दहा नंबर फक्त काउंटरचे. सप्टेंबरपासून.

एकदम बसणाऱ्या लोकांची संख्या मात्र खरंच घटली. जूनमध्ये साडेदहाला मोजलं तेव्हा हॉल आणि जिना मिळून पेशंटच ३१ होते, आता १२-१३ असतात. जिन्यावर कुणी नाही. अंगावर पुरळ असलेल्या पोरांना काका मागच्या खोलीत बसवतात, आता ती खोली रिकामी असते म्हणून जमतं.

१ सप्टेंबर, सोमवार

खर्च: प्रिंटर २,४००, यूपीएस १,३५०, केबल ६५०, फोनची बॅटरी ८००, कागदाचे रोल ४५०, फ्लेक्स आणि स्टिकर ६००. एकूण ६,२५०. शिवाय सिमचा रिचार्ज महिना साधारण दोनशे. टीव्ही, लॅपटॉप, फोन जुने घरचेच. माझे तास मोजले तर नव्वदच्या वर, त्यातले निम्मे टाइमझोन, आवाज आणि प्रिंटरने खाल्ले. सिस्टरांचे रोजचे पंधरा मिनिटांचे फोन हा खरा चालू खर्च आहे आणि त्याचे पैसे वहिनींनी त्यांच्या पगारात वाढवून दिले.

कुणाला स्क्रिप्ट पाहिजे असेल तर देईन, पण लाल पट्टी काढून वापरणार असाल तर नको.

राहिलेलं काम: शनिवारी तापाची एवढी पोरं आली की सकाळच्या ओपीडीत नंबर ७८ पर्यंत गेला, वहिनी साडेतीनला उठल्या. आवाज ७५ पर्यंतच रेकॉर्ड आहेत, त्यामुळे ७६ ला नुसती घंटी वाजली आणि काकांनी दारात येऊन नावं घेतली. आज दुपारी सिस्टर ७६ ते १२० बोलून देणार आहेत, पंखे बंद करून.